तीन दिवसांच्या बाळाचा एक थेंब जपून ठेवा

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि तिन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतले विकृतिशास्त्र व न्यायवैद्यक विभागप्रमुख यांना

विषय : अकस्मात दगावणारी अर्भकं, त्यांची थायरॉइड, आणि टाचेच्या रक्ताची तपासणी

सप्रेम नमस्कार.

मी विकृतिशास्त्राची डॉक्टर. धुळ्यात माझी लॅब आहे. गळ्याच्या गाठीतून सुईने काढलेल्या पेशी, ऑपरेशननंतर फॉर्मलीनच्या बरणीत येणारे तुकडे, त्यांच्या स्लाइड आणि त्यांचे अहवाल हेच रोजचं काम. थायरॉइड पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हे पत्र लिहिण्याचा आगाऊपणा करते आहे.

आमच्या खानदेशातल्या डॉक्टरमंडळींच्या बोलण्यात एक प्रकार अधूनमधून येतो. रात्री दूध पिऊन झोपलेलं दोन-चार महिन्यांचं बाळ सकाळी उठत नाही. बहुतेक वेळा शवविच्छेदन होत नाही. लहान बाळ पुरायचं असतं, ते दुपारच्या आत पुरून मोकळे होतात. क्वचित शवविच्छेदन होतं, त्याहून क्वचित थायरॉइडचा तुकडा तपासायला जातो, आणि अहवालात येतं की ग्रंथीच्या पुटिका मिटलेल्या आहेत, आतला कोलॉइड आटलेला आहे, अस्तराच्या पेशी सुटून पडलेल्या आहेत. एवढ्यावरून घरच्यांना सांगितलं जातं, की बाळाची थायरॉइडच खराब होती, त्यानेच गेलं. मग पुढच्या बाळंतपणात काहीही न तपासता आईला गोळ्या, भावंडाला गोळ्या. आणि दुसऱ्या बाजूला असेही सहकारी आहेत ज्यांना तान्ह्या बाळाची थायरॉइड हा बोलण्याचा विषयच वाटत नाही.

माझं म्हणणं या दोघांनाही रुचणार नाही. मेलेल्या बाळाची थायरॉइड आपल्याला फार थोडं सांगते. जिवंत बाळाची पुष्कळ सांगते, आणि सरकारी दवाखान्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या वाट्याला तेवढी विचारपूस आजही येत नाही.

आधी स्लाइडचं बघू. नवजात बाळात ही अख्खी ग्रंथी एक-दीड ग्रॅमची असते. आत असंख्य बारीक पुटिका, प्रत्येकीला पेशींचं एकेरी अस्तर, आणि मध्ये कोलॉइड, म्हणजे हार्मोन बांधून ठेवलेला चिकट साठा. नेहमीच्या रंगांनी रंगवला की तो गुलाबी दिसतो. मोठ्या माणसात हे चित्र ठसठशीत असतं. तान्ह्यात तसं नसतं. बाळ जन्मल्यावर अर्ध्या तासात मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून टीएसएचची, म्हणजे थायरॉइडला कामाला जुंपणाऱ्या आणि ती कमी पडली की वाढणाऱ्या हार्मोनची, लाट उठते, ती ६० ते ८० युनिटपर्यंत चढते आणि पुढच्या काही दिवसांत उतरते. पोटातल्या उबेतून बाहेर आलेल्या जिवाला आता स्वतःची ऊब स्वतः तयार करायची असते. थायरॉइड त्यासाठी आपला साठा उपसते. म्हणून पहिल्या दिवसांत रिकाम्या दिसणाऱ्या पुटिका आजाराच्याच असतील असं नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळ, जंतुसंसर्गाने झगडून गेलेलं बाळ, यांच्यातही कोलॉइड आटलेला दिसतो.

त्यानंतर येतो मृत्यूचा स्वतःचा हात. प्राण गेल्यावर शरीरातली विकरं पेशींनाच विरघळवू लागतात आणि पुटिकांचं नाजूक अस्तर सुटून आत पडतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात असताना, शीतपेटी नसलेल्या ठिकाणी, पंचनाम्याचे कागद आणि पोलीस पाटील येईपर्यंत सकाळची दुपार झालेली असते. अशा बाळाची स्लाइड माझ्यासमोर आली तर मी आजार पाहते आहे की उन्हाळा, हे मला सांगता येत नाही. जो छातीठोकपणे सांगतो त्याने मृत्यू आणि शवविच्छेदन यांत किती तास गेले ते आधी विचारलं होतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं असतं.

त्यात आपली एक खोड. शवविच्छेदनात अवयव राखून ठेवायचे म्हणजे मिठाच्या संपृक्त द्रावणात टाकायचे, असा हात बसला आहे. विषबाधेच्या रासायनिक तपासणीला ते योग्यच. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तुकडा दहा टक्के फॉर्मलीनमध्ये जायला हवा, आणि फॉर्मलीन तुकड्याच्या दहापट हवं. मिठाच्या पाण्यातून आलेल्या थायरॉइडवर कोणी मत मागितलं तर मी ते देत नाही. ग्रामीण रुग्णालयांच्या शवागारात फॉर्मलीनच्या लहान बरण्या ठेवायला किती खर्च येईल, याचा हिशेब आपल्या भांडार विभागाला एका दुपारी करता येईल.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगण्याचं कारण, वैद्यकशास्त्र याच वळणावर एकदा सपशेल घसरलेलं आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. बाळात मोठी आणि वयाबरोबर आटत जाणारी. एकोणिसाव्या शतकात युरोपात अकस्मात दगावलेल्या बाळांच्या शवविच्छेदनात ती अवाढव्य दिसू लागली. बाळ तिनेच गुदमरलं असं मानलं गेलं. १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी या अवस्थेला 'स्टेटस थायमिकोलिम्फॅटिकस' असं भारदस्त नाव दिलं आणि आजार जणू शिक्का मारून पक्का झाला. १९०७ पासून बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडून ही ग्रंथी आटवण्याचे उपचार सुरू झाले. अमेरिकेत ते काही दशकं चालले, अगदी ठणठणीत बाळांवरसुद्धा, निव्वळ खबरदारी म्हणून.

गफलत तुलनेत होती. त्या काळी शवविच्छेदनाच्या टेबलावर येणारी इतर मुलं बहुतेक दीर्घ आजाराने खंगून गेलेली असायची, आणि आजारपणात व उपासमारीत थायमस झपाट्याने आक्रसते. त्या आक्रसलेल्या ग्रंथीलाच सर्वसाधारण मानलं गेलं. मग झोपेत गेलेल्या गुटगुटीत बाळाची खरोखरची सर्वसाधारण ग्रंथी त्यापुढे राक्षसी दिसणारच. १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये नीट वजनं-मापं घेऊन असा आजार अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही, असं सांगितलं गेलं. तरी किरण थांबले नाहीत. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या डफी आणि फिट्झगेराल्ड यांनी थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना तान्हेपणी थायमससाठी किरण दिल्याचं निघालं. एका ग्रंथीवर ठेवलेल्या खोट्या आळाची शिक्षा शेजारच्या ग्रंथीने भोगली.

आता तोच आळ थायरॉइडवर ठेवायचा असेल, तर आधी मला सांगा की तुलनेला कोणती बाळं घेणार? नंदुरबारच्या डोंगरात कुपोषणाने गेलेलं बाळ आणि शहाद्याच्या एखाद्या घरात पाळण्यात गेलेलं बाळ यांच्या थायरॉइड शेजारी ठेवून निष्कर्ष काढला, तर आपणही पाल्टाउफच्याच वाटेने जाऊ.

रक्ताचीही अशीच एक कथा आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत अकस्मात गेलेल्या बाळांच्या मृत्यूनंतर घेतलेल्या रक्तात टी-३ हे थायरॉइडचं हार्मोन वाढलेलं सापडल्याचं प्रसिद्ध झालं. कारण सापडलं असं अनेकांना वाटलं. मग लोकांनी विचारायला सुरुवात केली, की हे वाढलेलं टी-३ मृत्यूच्या आधीचं की नंतरचं? १९८३ मध्ये एका गटाने एक साधी युक्ती केली. त्याच बाळांच्या जन्मानंतर घेतलेल्या रक्ताची मोजमापं धुंडाळली आणि ती मृत्यूनंतरच्या आकड्यांशी ताडून पाहिली. मृत्यूने ज्याला हात लावलेला नाही असा पुरावा त्यांच्या हाताशी होता, कारण त्यांच्याकडे प्रत्येक बाळाची तपासणी जन्मताच होत होती. आपल्याकडे हा पुरावाच नाही. या पत्राची मागणी तेवढीच आहे.

मागणी नवी नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतलं रक्त जाड टिपकागदावर टिपून तपासण्याची पद्धत रूढ केली. सत्तरच्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये झां द्युसो यांनी तिच्यावरून जन्मजात थायरॉइड कमतरता शोधायला सुरुवात केली. बाळाची टाच कोमट करायची, कडेला टोचायचं, कागदावरचे गोल भरायचे, सावलीत आडवा ठेवून तीन-चार तास वाळवायचा, पाकिटात घालून पाठवायचा. वाळलेलं रक्त टपालाने जातं. ऊन आणि ओल यांपासून मात्र ते जपावं लागतं, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पहिल्याची आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्याची कमी नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबाद इथे लाखाच्या वर नवजात बाळं तपासली, तेव्हा साधारण अकराशेमागे एका बाळात ही कमतरता निघाली. जगात हे प्रमाण दोन ते चार हजारांमागे एक असं सांगतात, म्हणजे आपल्याकडे ते चांगलंच जास्त आहे. आणि या बाळांपैकी पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक जन्मतः अगदी इतरांसारखी दिसतात, कारण आईचं थोडं हार्मोन वारेतून आलेलं असतं. लक्षणं हळूहळू येतात. कावीळ लांबते, शौचाला चार-चार दिवस होत नाही, बेंबी फुगते, जीभ मोठी वाटते, रडणं घोगरं होतं, अंग गार लागतं, दूध ओढताना बाळ झोपून जातं. आपल्या घरांतून अशा बाळाचं कौतुक होतं. 'मना पोऱ्या भलता शांत शे, रडसच नही,' असं सांगणारी आई मी माझ्याच लॅबच्या बाकावर पाहिली आहे. मूल तेव्हा दोन वर्षांचं होतं आणि उभं राहत नव्हतं. त्याच्या टीएसएचचा आकडा आमच्या यंत्राच्या मापाबाहेर गेला.

पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते मूल शाळेत इतर मुलांच्या बरोबरीने बसतं. लेव्होथायरॉक्सिनची गोळी, वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम, कुस्करून चमचाभर आईच्या दुधातून. दिवसाला एक-दोन रुपयांचा खर्च. औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मेंदूची राहून गेलेली वाढ नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी भरून निघत नाही.

इथे एक खुलासा करते, नाहीतर पत्राचा भलताच अर्थ निघेल. ही तपासणी सुरू झाली म्हणून झोपेत जाणारी बाळं वाचतील, असं मी म्हणत नाही. जन्मजात थायरॉइड कमतरतेमुळे अकस्मात मृत्यू होतो असं सिद्ध झालेलं नाही. फार तीव्र कमतरतेत बाळाचं अंग गार पडतं, नाडी मंदावते, मोठ्या जिभेने श्वासाला अडथळा होतो, एवढं खरं. उलट्या टोकाला, आईला ग्रेव्ह्जचा, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त चालण्याचा, आजार असेल तर तिची प्रतिपिंडं बाळात जाऊन त्याची थायरॉइड उधळू शकतात आणि हृदय थकून बाळ दगावू शकतं. आई त्यावरच्या गोळ्या घेत असली तर त्यांचा असर बाळाच्या अंगातून उतरायला काही दिवस लागतात, म्हणून बाळ पहिल्या आठवड्यात बरं दिसतं आणि घरी गेल्यावर बिघडतं. यासाठी बाळंतिणीच्या केसपेपरवर 'आईला थायरॉइड आहे का, कोणती गोळी' हा रकाना पुरतो. आपल्या छापील कागदावर तो घाला.

आता तुमच्या दारातल्या गोष्टीकडे येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या यादीच्या शेवटी जन्मजात थायरॉइड कमतरता आणि सिकलसेल व बीटा थॅलेसेमिया हे रक्ताचे दोन आनुवंशिक आजार एका ओळीत लिहिले आहेत आणि त्यांच्यापुढे ऐच्छिक असं म्हटलं आहे. त्यातल्या सिकलसेलचं नशीब पालटलं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं आणि नंदुरबार, धुळे, चोपडा-यावलच्या पट्ट्यात पाड्यापाड्यांवर रक्त तपासलं जाऊ लागलं. चांगलं झालं. आता त्याच ओळीतल्या शेजाऱ्याकडेही बघा. नवजात बाळात गर्भातलंच हिमोग्लोबिन भरलेलं असल्याने साधी सिकल सोल्युबिलिटी चाचणी उपयोगी पडत नाही, त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावाच लागतो. मग एकाच कागदावर एक गोल सिकलसेलचा आणि एक टीएसएचचा का नको? टोचणं एकच, पाकीटही एकच.

माणसंही आहेत. गृहभेटींच्या कार्यक्रमात आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बाळाकडे जातेच. नमुना घेण्याची उत्तम वेळ ४८ ते ७२ तासांची. त्याआधी घेतला तर जन्माच्या लाटेमुळे आकडा उगाच चढलेला येतो आणि आईबाप घाबरतात. म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या भेटीला उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी किंवा एएनएम ताई सोबत गेल्या की काम झालं. आशाताईवर आणखी एक काम टाकून तिचा मोबदला मात्र तोच ठेवू नका; तिच्या पिशवीत आधीच किती नोंदवह्या आहेत ते मी पाहिलं आहे. नर्मदेच्या काठच्या गावांना तरंगता दवाखाना जातो, तोही पाकिटं आणू शकतो. तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जळगावचं २०१८ पासून, नंदुरबारचं २०२० पासून, धुळ्याचं तर कितीतरी आधीपासून. वाळलेल्या रक्तावर टीएसएच करणारं एक यंत्र त्यांतल्या कुठल्याही एका ठिकाणी बसवलं तरी खानदेशाला पुरेल. गोवा, केरळ आणि चंडीगडने सरकारी दवाखान्यांत अशी तपासणी करून दाखवली आहे. आपण ती शोधून काढायला बसलेलो नाही.

अवघड भाग टोचण्याचा नाही, परत बोलावण्याचा आहे. बाल-अंतःस्रावतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०१८ मध्ये सांगून ठेवलं आहे, की टीएसएचचा आकडा २० च्या वर गेला तर पुन्हा तपासा, ४० च्या वर गेला तर विलंब न करता शिरेतलं रक्त घेऊन खात्री करा. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगराकडच्या तळोदा-धडगावची निम्मी घरं ऊसतोडीला किंवा गुजरातकडे मजुरीला गेलेली असतात, आणि बाळ टोपलीत त्यांच्याबरोबर गेलेलं असतं. अहवाल आला आणि बाळ बारडोलीच्या फडात, तर त्या कागदाचा उपयोग काय? म्हणून नमुना घेतानाच आईला विचारा की पुढच्या महिन्यात कुठे असाल, मुकादम कोण, फोन कोणाचा. भिलोरी, पावरी, अहिराणी बोलणारी बाई फोनवर हवी. पुण्याहून येणारा इंग्रजी एसएमएस नको.

मिठाबद्दल थोडंसं. गर्भाच्या मेंदूला आईच्या आयोडीनवर वाढायचं असतं. गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम लागतं, इतरांना १५०. कायद्याने स्वयंपाकघरात पोचेपर्यंत मिठात निदान १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५ भाग, आयोडीन हवं, आणि खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला २००६ पासून बंदी आहे. तरीही आठवडी बाजारात उघड्या पोत्यातलं खडे मीठ मिळतं, आणि शहरांत 'नैसर्गिक' म्हणून सैंधव खाण्याची टूम आली आहे. दोन वेगळ्या टोकांची घरं, दोन्हीकडे आयोडीन कमी. मिठावर थेंब टाकून निळा रंग बघण्याचं किट आशाताईंकडे द्यायचं असतं. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना मिळणाऱ्या अमृत आहारच्या जेवणात पडणारं मीठ तरी त्याने महिन्यातून एकदा तपासा. आणि प्रसूतिगृहांत बाळाच्या नाळेवर पोविडोन-आयोडीन फासण्याची सवय असेल तर ती सोडा. कातडीतून शिरलेलं जादा आयोडीन तान्ह्याची थायरॉइड काही दिवस बंद पाडू शकतं, आणि मग आमच्या तपासणीत खोटी घंटा वाजते.

अकस्मात गेलेल्या बाळाच्या चौकशीबद्दल मला सर्वांत तीव्रपणे बोलायचं आहे. व्याख्या स्पष्ट आहे. एक वर्षाखालच्या बाळाचा मृत्यू संपूर्ण शवविच्छेदन, मृत्यूच्या जागेची पाहणी आणि आजारपणाची पूर्वपीठिका या तिन्ही गोष्टी करूनही उलगडला नाही, तरच त्याला अकस्मात अर्भकमृत्यू म्हणायचं. आपल्याकडे बऱ्याचदा तिन्हींपैकी एकही होत नाही आणि प्रमाणपत्रावर 'श्वसनक्रिया बंद पडल्याने' असं लिहिलं जातं. श्वास बंद पडणं हे मृत्यूचं कारण असेल तर जगात कारणाविना कोणी मेलेलंच नाही. दुसरं आवडतं कारण म्हणजे 'दूध श्वासनलिकेत गेल्याने'. श्वासनलिकेत दूध सापडतं हे खरं. पण अखेरच्या क्षणी किंवा मृत्यूनंतर मृतदेह हलवताना जठरातलं दूध वर येऊन तिथे जाणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि न्यायवैद्यकाच्या प्राध्यापकांना मी हे सांगायला नको. तुम्ही ते एक वाक्य लिहिता आणि घरी त्याचा अर्थ होतो : आईने झोपून पाजलं, आईने मारलं. तिला पुढची कित्येक वर्षं ते ऐकावं लागतं.

डोंगरात याहून वाईट होतं. कारण कळलं नाही की नजर कोणाची लागली हे शोधायला सुरुवात होते, आणि शोध पाड्यावरच्या एखाद्या एकट्या, म्हाताऱ्या, वतन-जमीन असलेल्या बाईपाशी येऊन थांबतो. तिला डाकीण ठरवलं जातं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हातात आहे, पण तो मारहाण झाल्यावर उपयोगी पडतो. मृत्यूनंतर चार दिवसांत आरोग्य खात्याचं माणूस घरी जाऊन बसलं, आम्ही काय पाहिलं आणि काय सापडलं नाही हे त्याच्या बोलीत सांगून आलं, तर त्या बाईकडे बोट जाण्याआधी निदान दुसरं काही बोलणं तिथे झालेलं असेल.

आणि या भेटीत विचारायचं काय? बाळ उताणं झोपवलं होतं की पालथं, अंगावर काय होतं, गोधडी तोंडावर आली होती का, खोलीत शेगडीचा किंवा विडीचा धूर होता का, ताप-सर्दी होती का, दिवस भरून जन्मलं होतं का. फालतू प्रश्न वाटतील. पण अकस्मात अर्भकमृत्यू जगात ज्याने खरोखर कमी केले ती गोष्ट कुठल्या ग्रंथीच्या स्लाइडवर सापडलेली नाही. न्यूझीलंडमध्ये ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस घरोघर जाऊन नेमके असेच प्रश्न विचारले गेले आणि पालथं झोपवणं घातक असल्याचं ठळकपणे पुढे आलं. तिथे आणि ब्रिटनमध्ये १९९१ पासून, अमेरिकेत १९९४ पासून बाळाला उताणं झोपवा असं सांगितलं गेलं, आणि हे मृत्यू निम्म्याहून खाली आले. आमच्या पेशाला हे जरा झोंबतं, पण खरं आहे. बालमृत्यू अन्वेषणाचा नमुना तुमच्याकडे आहेच. त्यात हे प्रश्न घाला आणि भरलेले कागद धूळ खात ठेवू नका.

आता टाचेच्या कार्डाचा दुसरा उपयोग. तपासणी झाल्यावर त्यावरचे एक-दोन गोल शिल्लक राहतात. ते कोरड्या, थंड जागी जपून ठेवले, आणि दुर्दैवाने ते बाळ चौथ्या महिन्यात झोपेत गेलं, तर ते जिवंत असतानाचं रक्त आपल्या हातात असेल. त्यावरून थायरॉइडचा प्रश्न निकालात निघेल, आणि इतरही काही. चरबी जाळून ऊर्जा करण्यात जन्मतः दोष असलेली काही बाळं, ज्यांना एमकॅडची कमतरता म्हणतात, परदेशांत अकस्मात मृत्यू म्हणून नोंदली गेली होती. नंतर जुनी कार्डं काढून पाहिल्यावर खरं कारण कळलं, आणि पुढच्या भावंडाला वाचवता आलं. हे करायचं तर आईबापांची लेखी संमती हवी, त्यांच्या बोलीत समजावून घेतलेली. कार्ड किती वर्षं ठेवणार, कोण उघडणार, पोलिसांना किंवा विमा कंपनीला ते कधीच का मिळणार नाही, हे आधी ठरवून जाहीर करा. आदिवासी घरांतून रक्त नेऊन पुढे काय झालं हे न कळवण्याचे प्रकार लोक विसरलेले नाहीत.

राज्याचा अर्भकमृत्यू दर २०२० मध्ये हजारी १६ होता आणि देशाचा २८. या आकड्याचा आपल्याला अभिमान आहे, तो असावा. पण सरासरीत धडगाव बुडून जातं. म्हणून सुरुवात धुळे शहरातून करू नका, ती धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतून करा, जिथे सिकलसेलची पथकं आधीच फिरत आहेत. मग शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर. स्लाइड वाचायला कोणी हवं असेल तर मी येईन, मोबदला नको. फक्त तुकडा फॉर्मलीनमध्ये पाठवा आणि बाळ किती वाजता गेलं, शवविच्छेदन किती वाजता झालं, हे बरणीवर लिहा.

वर्षभराने किती बाळं तपासली हा आकडा तुम्ही पत्रकार परिषदेत सांगालच. त्याच्याबरोबर परत बोलावूनही न सापडलेल्या बाळांचा आकडा तालुकावार जाहीर करा. मी तो आधी वाचेन.

आपली,
एक विकृतिशास्त्रज्ञ, धुळे